वादविवादात मुलं पाठ केलेलं बोलतात, समोरच्याचं ऐकतच नाहीत. काय करावं?

खडू_फळा:

नमस्कार मंडळी. मी आठवी-नववीला भाषा शिकवते आणि या वर्षी शाळेचं वादविवाद मंडळ माझ्याकडे आलं आहे. मुलं चुणचुणीत आहेत, व्यासपीठाला घाबरत नाहीत. पण प्रत्येक जण घरून लिहून आणलेलं भाषण पाठ करून येतो, आणि समोरच्याने काहीही म्हटलं तरी त्या भाषणातला शब्द हलत नाही.

गेल्या खेपेला विषय होता 'प्राथमिक वर्गांना गृहपाठ देऊ नये'. अनुकूल बाजूचा मुलगा म्हणाला, "ज्यांच्या घरी अभ्यासाला मदत करणारं कुणी नाही, ती मुलं गृहपाठामुळे आणखी मागे पडतात." मला वाटलं, आता रंगत येणार. प्रतिकूल बाजूची मुलगी उठली, 'गृहपाठाने शिस्त लागते' हे भाषण तिने अथपासून इतिपर्यंत म्हटलं आणि टाळ्या घेऊन खाली बसली. त्या मुलाच्या मुद्द्याला तिने हातही लावला नाही, आणि वर्गात कुणाला ते खटकलंही नाही. मला फार वाईट वाटलं, कारण दोघंही खरोखर हुशार आहेत.

मला यांना विचार करायला शिकवायचं आहे. आठवड्याला एकच तास मिळतो, तोही पस्तीस मिनिटांचा. तर्कदोषांची यादी देऊन सुरुवात करावी का? विषय कसे निवडावेत? आणि जी मुलं तोंडच उघडत नाहीत त्यांचं काय करावं? अनुभवी लोकांनी सविस्तर लिहावं, ही विनंती.

उत्तरपक्ष:

ताई, त्या मुलीला ऐकण्याचं काम कुणी दिलेलंच नव्हतं. तिला भाषण करायला सांगितलं होतं, ते तिने चोख केलं. मी बरीच वर्षं शाळा-कॉलेजच्या मुलांना वादविवाद शिकवतो, परीक्षक म्हणूनही बसतो, आणि माझं ठाम मत झालं आहे की मुलाच्या डोक्याला खरी चालना मिळते ती समोरच्याचं शेवटचं वाक्य संपल्यापासून स्वतःचं पहिलं वाक्य सुरू होईपर्यंत. उरलेला बराचसा भाग आवाज, उभं राहणं आणि धीर यांचा असतो. त्याचीही गरज आहे, पण तो नंतर शिकवता येतो.

म्हणून पहिला महिना-दीड महिना भाषण हा प्रकारच बंद ठेवा. त्याऐवजी मुलांना जोड्यांनी समोरासमोर बसवा. एकाने एक मुद्दा दोन-तीन वाक्यांत मांडायचा. दुसऱ्याने तो आपल्या शब्दांत परत सांगायचा. पहिला "हो, मला हेच म्हणायचं होतं" असं म्हणेपर्यंत दुसऱ्याला उत्तर द्यायला मनाई. एवढा एकच नियम. आपल्या जुन्या शास्त्रचर्चेत आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, नीट मांडायचा, मग त्याचं खंडन आणि मग स्वतःचा सिद्धान्त, असा क्रम असे. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनीही १९५१ मध्ये भांडणाऱ्या माणसांसाठी जवळजवळ हाच नियम सुचवला होता. करून बघा, मुलांची कशी दमछाक होते ते दिसेल. तुमच्याच विषयावर सुरुवातीला असं चालेल:

"म्हणजे तुला गृहपाठाचा कंटाळा येतो."
"नाही. मी कंटाळ्याबद्दल बोललोच नाही."
"म्हणजे गरीब मुलांना गृहपाठ जमत नाही."
"तसंही नाही. शिकवायला घरात कुणी नाही, असं म्हणालो मी."
"म्हणजे... शाळेत सगळ्यांना एकच शिक्षक असतो, पण घरी कुणाला मदत मिळते, कुणाला नाही. त्यामुळे गृहपाठ दिला की फरक वाढतो."
"हो! हेच."

आता त्या तिसऱ्या प्रयत्नातल्या वाक्याकडे बघा. ते मूळ मुद्द्यापेक्षाही पक्कं झालं आहे, आणि ते पक्कं केलंय विरोधकाने. इथून पुढे तिला जे उत्तर द्यावं लागेल ते पाठ केलेल्या भाषणात सापडणार नाही.

हे अंगवळणी पडलं की उत्तर कसं द्यायचं त्यावर या. फळ्यावर चार शब्द लिहा: तू म्हणालास की... पण... कारण... म्हणून... पहिले तीन मुलांना लवकर जमतात. 'म्हणून' हमखास गाळलं जातं, आणि नेमकी तीच जागा मोलाची आहे, कारण तुझं उत्तर मान्य केलं तर मूळ प्रश्नाच्या निर्णयात काय फरक पडतो ते तिथे सांगायचं असतं.

उत्तर तीन प्रकारे देता येतं, हेही मुलांना उलगडून दाखवा. एक, तुझं म्हणणं खरं नाही. दोन, खरं आहे, पण त्यावरून तुझा निष्कर्ष निघत नाही: घरी मदत नसेल तर शाळेतच मदतीचा तास ठेवू, गृहपाठ बंद कशाला? तीन, खरं आहे, निष्कर्षही निघतो, पण दुसऱ्या पारड्यात त्याहून जड काहीतरी आहे. मुलांना पहिला प्रकार अतिशय आवडतो, कारण 'खोटं आहे' म्हणायला जोर चढतो. तुम्ही त्यांना तिसऱ्याकडे न्या. 'तुझं बरोबर आहे, तरीही...' हे शब्द बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या तोंडून पहिल्यांदा येतात तेव्हा मला मनापासून आनंद होतो.

पुराव्याचीही सवय इथेच लावा. गृहपाठावर हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधनाचा मोठा आढावा प्रसिद्ध केला. गृहपाठ आणि शैक्षणिक यश यांचा संबंध वरच्या वर्गांत जास्त घट्ट दिसतो, लहान वर्गांत बराच सैल. अनुकूल बाजू लगेच म्हणेल, "बघा, लहानांना उपयोग नाही." तिथे थांबवून विचारा: जी लहान मुलं अभ्यासात मागे आहेत त्यांनाच घरी जास्त वेळ बसवलं जात असेल, तर आकडे कसे दिसतील? दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं होत नाही, हे या एका उदाहरणातून तासाभराच्या व्याख्यानापेक्षा चांगलं समजतं.

विषयांबद्दल. 'विज्ञान: शाप की वरदान' हा साचा पूर्ण सोडा. त्यात कुणाला काही ठरवायचंच नाही. एक जण लसींबद्दल बोलतो, दुसरा अणुबॉम्बबद्दल, दोघंही खरं बोलतात आणि कुणाची कुणाशी गाठ पडत नाही. विषय असा हवा की त्यात कुणीतरी काहीतरी करायचं आहे आणि ते करावं की नाही हा प्रश्न आहे. 'प्राथमिक वर्गांना गृहपाठ देऊ नये' हा तुमचा विषय उत्तम होता. 'शाळेने मोबाईल वर्गाबाहेर जमा करून घ्यावेत', 'मतदानाचं वय सोळा करावं', 'प्राणिसंग्रहालयं बंद करावीत' हेही चालतील. आधी तुम्ही स्वतः कागद घेऊन बसा. दोन्ही बाजूंना तीन-तीन दमदार मुद्दे निघाले नाहीत तर तो विषय वर्गात नेऊ नका.

आणि बाजू चिठ्ठीने, तीही अगदी आयत्या वेळी. जगभर कॉलेजांत चालणाऱ्या ब्रिटिश संसदीय पद्धतीत दोन-दोन जणांचे चार संघ असतात. विषय कळल्यापासून तयारीला पंधरा मिनिटं आणि प्रत्येकाला बोलायला सात. पहिलं आणि शेवटचं मिनिट सोडून मधे कधीही विरोधक उभा राहून प्रश्न विचारू शकतो. अशा व्यवस्थेत पाठांतर टिकतच नाही. तुमच्या पस्तीस मिनिटांत तयारीला सहा-सात मिनिटं द्या, भाषणं दोन-दोन मिनिटांची ठेवा आणि मधे एक प्रश्न घेणं सक्तीचं करा. शेवटची आठ मिनिटं मात्र चर्चेसाठी राखून ठेवा.

तर्कदोषांची यादी इतक्यात नको. मुलं ती नावं दगडासारखी भिरकावतात. "हा व्यक्तिगत हल्ला आहे!" एवढं म्हणून खाली बसतात, आपण उत्तर दिलं असंच त्यांना वाटतं. गौतमाच्या न्यायसूत्रांत, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात, याद्या भरपूर आहेत: पाच हेत्वाभास (फसवी कारणं), चोवीस जाति (पोकळ आक्षेप), बावीस निग्रहस्थानं (जिथे वादात हार ठरते त्या जागा). पण त्याच ग्रंथात चर्चेचे तीन प्रकारही वेगळे केलेत, आणि मी मुलांना ते आधी सांगतो. खरं काय ते शोधण्यासाठी चालतो तो वाद. कसंही करून जिंकायचं म्हणून चालतो तो जल्प. स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं फक्त पाडत राहायचं ती वितंडा. आठवीच्या मुलांना हे लगेच कळतं. फेरी संपल्यावर विचारा, "आत्ता यातलं काय झालं?" ती प्रामाणिकपणे सांगतात.

न बोलणाऱ्या मुलांबद्दल इथे आणखी कुणीतरी लिहावं.

मागचा_बाक:

मी शाळेत असताना तीच न बोलणारी मुलगी होते, म्हणून लिहिते. मला आमच्या बाईंनी नोंदीचं काम दिलं होतं. मोठा कागद आडवा धरायचा, जितके वक्ते तितके उभे रकाने आखायचे. पहिल्या रकान्यात पहिल्याचे मुद्दे. पुढच्या वक्त्याने त्यातल्या ज्याला उत्तर दिलं ते बरोबर त्याच्या शेजारी लिहायचं आणि बाणाने जोडायचं. डिबेटवाले याला फ्लो म्हणतात. ज्या मुद्द्यापुढची जागा रिकामी राहिली, त्याला कुणी उत्तर दिलं नाही, हे कागदावर नुसतं बघून कळतं.

फेरी संपली की बाई विचारायच्या, "कोणता मुद्दा अनुत्तरित राहिला?" ते फक्त मला माहीत असायचं. एक-दोन वाक्यं बोलावीच लागायची, पण ती माझ्या मतांबद्दल नसायची, कागदाबद्दल असायची. त्यामुळे भीती वाटत नसे. पुढे मी बोलायलाही लागले. पण नाही लागले असते तरी ते काम मोठंच होतं, असं मला आजही वाटतं. कृपया हे काम 'ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी' असं म्हणून देऊ नका. चांगले बोलणारेही आळीपाळीने नोंदीला बसवा.

प्रयोगवही:

मी विज्ञान शिकवतो आणि माझा थोडा विरोध आहे. वादविवादाने मुलं चिकित्सक होतात असं गृहीत धरलं जातंय. माझी भीती उलटी आहे. हुशार मुलाला चिठ्ठीत आलेली कोणतीही बाजू लढवायची सवय लागली की त्याला आपल्या प्रत्येक मतासाठी कारणं जुळवता येतात. चार्ल्स लॉर्ड, ली रॉस आणि मार्क लेपर यांचा १९७९ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. फाशीच्या शिक्षेच्या समर्थकांना आणि विरोधकांना तेच दोन अभ्यास वाचायला दिले, एक बाजूने, एक विरुद्ध. वाचून दोन्ही गट आपापल्या मताला आणखी घट्ट चिकटले. चार्लान नेमेथ यांनी २००१ मध्ये असं दाखवलं की गटात मुद्दाम नेमलेला विरोधक असतो तेव्हा लोक जेवढा विचार करतात, त्याहून जास्त विचार खराखुरा मतभेद असलेला माणूस असतो तेव्हा करतात. नाटकी विरोध लोकांना ओळखू येतो.

मी आधी बाजू नसलेले खेळ घेतो. पीटर वॉसन यांचा १९६० चा खेळ: फळ्यावर २, ४, ६ लिहायचं. "हे तीन आकडे माझ्या मनातल्या एका नियमात बसतात. तुम्ही तीन-तीन आकडे सांगा, मी बसतात की नाही ते सांगेन. खात्री झाली की नियम सांगा." मुलं म्हणतात ८, १०, १२. बसतात. २०, २२, २४. बसतात. लगेच हात वर: "दोनने वाढणारे सम आकडे!" चूक. नियम फक्त 'चढता क्रम' एवढाच असतो. १, २, ५० पण बसतात. आपला अंदाज मोडू शकेल असे आकडे, म्हणजे ६, ४, २ किंवा ३, ७, ८, सहसा कुणी विचारत नाही. नंतरची शांतता फार कामाची असते.

त्यांचाच १९६६ चा चार कार्डांचा खेळही घ्या. प्रत्येक कार्डाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अंक. समोर दिसतंय: अ, क, ४, ७. दावा असा की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम अंक असतोच. दावा तपासायला कोणती कार्डं उलटाल? बहुतेक जण 'अ' आणि '४' म्हणतात. हवीत 'अ' आणि '७'. ४ च्या मागे काहीही निघालं तरी दावा मोडत नाही, ७ च्या मागे स्वर निघाला तर मोडतो. मोडणारा पुरावा शोधणं हे मला चिकित्सक विचाराचं मूळ वाटतं, आणि वादविवादात तर तो लपवायची सवय लागते.

उत्तरपक्ष:

सर, तुमचे दोन्ही खेळ मी उद्यापासून वापरणार. तुमची भीतीही खरी आहे. फक्त बोलण्यात पटाईत होऊन निघालेली मुलं मी पाहिली आहेत, आणि फेरी 'विजयी संघ' जाहीर करून संपली की तसंच होतं.

पण १९७९ च्या त्या प्रयोगानंतर १९८४ मध्ये लॉर्ड, लेपर आणि एलिझाबेथ प्रेस्टन यांनी पुढचा प्रयोग केला, तो ताईंच्या कामाचा आहे. काही लोकांना सांगितलं, "निःपक्षपातीपणे विचार करा." त्याचा उपयोग झाला नाही. दुसऱ्यांना सांगितलं, "याच अभ्यासाचा निष्कर्ष उलट आला असता, तर त्याच्या पद्धतीला तुम्ही एवढेच गुण दिले असते का, ते प्रत्येक पायरीला विचारा." तेव्हा मात्र आपल्याच मताकडे झुकणारा कल बराच कमी झाला. म्हणजे नुसत्या उपदेशाने भागत नाही, विचार कसा करायचा ती कृती हातात द्यावी लागते. बाजू बदलायला लावणं ही मला तशीच कृती वाटते.

म्हणून माझी फेरी निकालावर संपत नाही. मिनेसोटा विद्यापीठाच्या डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन या भावांनी वर्गासाठी एक पद्धत बसवली आहे, ती मी थोडी आटोपशीर करून घेतो. चौघांचा गट, दोन विरुद्ध दोन. आपली बाजू मांडायची, प्रश्नोत्तरं करायची. मग बाजू अदलाबदल, आणि दुसऱ्यांचं म्हणणं त्यांच्याहून चांगलं मांडून दाखवायचं. शेवटी दोन्ही बाजू टाकून द्यायच्या आणि चौघांनी मिळून आपल्याला खरंच काय वाटतं ते एका परिच्छेदात लिहायचं. एकमत झालं नाही तर नेमकं कुठे अडलं ते लिहायचं. तिथे तुम्हाला हवा तसा खरा मतभेद निघतो, कारण आता कुणी चिठ्ठीच्या बाजूने बोलत नाही. त्या कागदाच्या तळाशी प्रत्येकाने एक वाक्य भरायचं: 'मला अमुक दिसलं तर मी मत बदलेन.' ज्याला ते वाक्य भरता येत नाही त्याच्याशी मी वेगळा बसून बोलतो. शाळेच्या तासात हे दोन आठवड्यांवर विभागावं लागेल, पण विभागा.

पुस्तकघर:

पुराव्यावरून एक भर. मी ग्रंथालयात काम करते. मुलं एखादं संकेतस्थळ उघडतात आणि ते वरपासून खालपर्यंत मन लावून वाचून 'विश्वासार्ह वाटतं' म्हणतात. स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासाचे प्राध्यापक, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यतपासनीस यांची तुलना केली होती. प्राध्यापक आणि विद्यार्थी त्याच पानावर रेंगाळले, सुबक बोधचिन्ह आणि गंभीर नाव पाहून फसले. तथ्यतपासनीसांनी ते पान जवळजवळ लगेच सोडलं आणि दुसऱ्या खिडक्या उघडून ही संस्था कोणाची, पैसा कुणाचा, इतर तिच्याबद्दल काय म्हणतात ते पाहिलं. मुलांना हेच शिकवा: आधी पानाबाहेर जा. सरावासाठी झाडावर राहणाऱ्या ऑक्टोपसचं बनावट संकेतस्थळ वापरता येतं. ते १९९८ पासून आहे आणि अजून मुलांना चकवतं.

खडू_फळा:

सगळ्यांचे मनापासून आभार. 'हो, मला हेच म्हणायचं होतं' सुरू केलं आहे. पहिल्या तासाला मुलं वैतागली, भाषण कधी करायचं म्हणून मागे लागली. पण ज्या मुलीबद्दल लिहिलं होतं, तिने काल एका मुलाला "थांब, तुझं मला अजून कळलं नाही" असं म्हटलं. २, ४, ६ चा खेळ तर मुलं शिक्षकखोलीत येऊन इतर शिक्षकांवर करून बघताहेत.

दोन अडचणी राहिल्या. पालक विचारतात, बक्षीस कसं मिळणार, भाषण तर बंद केलं. दुसरं म्हणजे, प्राणिसंग्रहालयाच्या विषयावर एका मुलाला न पटणारी बाजू आली आणि तो गप्पच झाला. चिठ्ठीची सक्ती करावी का?

उत्तरपक्ष:

पालकांना गुणपत्रक दाखवा. मी देतो ते असं: समोरच्याचा मुद्दा अचूक परत मांडणं ३०, त्याला उत्तर ३०, स्वतःचे मुद्दे आणि पुरावा २५, सादरीकरण १५. वर्गात हे भिंतीवर लावून ठेवा. बाहेरच्या स्पर्धांमध्ये सादरीकरणाला वजन जास्त असतं, हेही पालकांना स्पष्ट सांगा. पण प्रत्युत्तराच्या फेरीत पाठांतरवाली मुलं अडखळतात आणि तुमची नाही अडखळणार. स्पर्धेच्या आधीचे तीन-चार आठवडे उच्चार, उभं राहणं, वेळ सांभाळणं यांना द्या, तेवढे पुरतात.

चिठ्ठीबद्दल. धोरणाच्या विषयांवर सक्ती ठेवा, पण त्या मुलाला आधी दोन मिनिटं त्याचं स्वतःचं मत वर्गापुढे मांडू द्या. आपलं मत सगळ्यांना माहीत आहे म्हटल्यावर उलट बाजू मांडताना तो मोकळा होतो. त्याने तरीही नको म्हटलं तर त्या फेरीला त्याला नोंदीला बसवा, कारण विचारू नका.

आणि ज्या विषयात वर्गातल्याच एखाद्या मुलाचं घर, धर्म, शरीर किंवा त्याच्या माणसांची लायकी पणाला लागते, तो चिठ्ठीने कधीच नको. स्वतःविरुद्ध बोलायला कुणाला उभं करू नये आणि त्याच्यासमोर दुसऱ्यालाही करू नये. असे प्रश्न टाळा असं मी म्हणत नाही. ते गोलात बसून, बाजू न पाडता आणि गुण न देता घ्या, आणि तेव्हाही पहिला नियम तोच ठेवा. तुमची पुढच्या महिन्याची विषयांची यादी इथे टाका, आपण एकेक तपासू.